मोटारीचे मेण: महागाचे आणि स्वस्ताचे

मोटार विकत घेणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षी दोन प्रश्न हटकून पडतात. पहिला, ही गाडी एका लिटरमध्ये किती जाते; आणि दुसरा, हिची ही नवी झळाळी टिकवायची कशी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पेट्रोलपंपावर आपोआप मिळते. दुसऱ्याला उत्तरे फार आहेत, आणि प्रत्येक उत्तर एकेका डबीत भरलेले आहे. एक डबी तालुक्याच्या गावी, मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात चार-पाचशे रुपयांना मिळते. दुसरी परदेशातून टपालाने येते, जाड काचेच्या बरणीतून. तिला नारळाचा नाहीतर केळ्याचा वास असतो, आणि किंमत असते काही हजार रुपये. दोन्हींवर नाव एकच: मेण. मग हा फरक कसला? मेणाचा, बरणीचा, की आपल्या हौसेचा? वाचकहो, या लहानशा दिसणाऱ्या प्रश्नाचा आज आपण जरा नीट हिशेब करू या.

आमचे जिते हे पेण तालुक्यातले गाव. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर त्याचे स्टेशन आहे आणि मुंबई-गोवा महामार्ग जवळून जातो. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खाडी लांब नाही, तेव्हा वाऱ्याला खारेपणा असतो. आणि धुळीचे तर विचारू नका! पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरांच्या चौपदरीकरणाचे काम २०११ साली सुरू झाले आणि ते वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात या रस्त्याने रोज जा-ये करणाऱ्या गाड्यांनी खडी, माती आणि सिमेंट किती अंगावर घेतले, ते त्यांच्या मालकांना ठाऊक. मोटारीच्या रंगाची परीक्षा घ्यायची, तर ऊन, पाऊस, मीठ आणि धूळ यांच्याइतके कडक परीक्षक सापडायचे नाहीत.

दुसरी एक गोष्ट लक्षात घ्या. इथल्या पुष्कळ गाड्या हौसेच्या नाहीत, पोटाच्या आहेत. कर्ज काढून गाडी घ्यायची, तिच्यावर पर्यटकांना अलिबाग-मुरूडकडे न्यायचे, हप्ते फेडायचे आणि पाच-सात वर्षांनी ती विकून दुसरी घ्यायची, असे त्यांचे अर्थशास्त्र आहे. गाडी कळकट दिसली तर गिऱ्हाईक नाक मुरडते, आणि विकायला काढली तर किंमत पडते. तेव्हा चकाकी ही अशा माणसाच्या दृष्टीने चैन नव्हे, ती त्याच्या भांडवलाचा भाग आहे. म्हणूनच तिच्यावर खर्च होणारा रुपया कुठे कामी येतो आणि कुठे वाया जातो, हे पाहणे अगत्याचे आहे.

आता मुद्द्याकडे वळू. सगळ्या घोटाळ्याचे मूळ एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे पॉलिश. आपण सुताराकडून कपाटाला पॉलिश करून घेतो, तेव्हा तो स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचे, म्हणजे लाखेचे, हात लाकडावर देतो. म्हणजे तो लाकडावर काहीतरी चढवतो. बुटाला पॉलिश करतो तेव्हाही आपण मेण आणि रंग चढवतो. साहजिकच मोटारीचे पॉलिशही काहीतरी चढवत असेल, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. मोटारीचे पॉलिश चढवत नाही, ते काढते. त्यात पिठासारखी बारीक घासणारी भुकटी असते, आणि ती रंगाचा वरचा अगदी पातळ पापुद्रा खरवडून टाकते. मेण चढवते, पॉलिश उतरवते. हा एक भेद ध्यानात आला की निम्मे काम झाले म्हणून समजा.

पण खरवडल्याने चकाकी येते कशी? जिते स्टेशनच्या पुढचे स्टेशन हमरापूर. हमरापूर, जोहे, कळवे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या एखाद्या कारखान्यात जाऊन उभे राहा. मूर्ती साच्यातून निघाली, वाळली, की लगेच रंगाला घेत नाहीत. आधी तिचे सांधे आणि खरबरीत भाग पॉलिश पेपरने घासून साफ करतात, मग पांढरा हात, मग रंग, आणि शेवटी डोळ्यांची रेखणी. घासकाम नीट झाले नसेल तर वर कितीही भारी रंग द्या, गणपतीच्या गालावरचा ओरखडा काही लपत नाही. मोटारीचेही तसेच आहे. गुळगुळीत पृष्ठभागावरून प्रकाश एका दिशेने परततो, म्हणून त्यात आपले तोंड दिसते. त्याच पृष्ठभागावर हजारो बारीक ओरखडे असले तर प्रकाश दाही दिशांना विखुरतो आणि रंग पांढुरका, मेलेला दिसतो. उन्हात काळ्या गाडीच्या टपावर सूर्याचे प्रतिबिंब पाहा. त्याच्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळे दिसतील. ते सारे ओरखडेच होत, आणि त्यांतले बहुतेक आपल्याच फडक्याने पडलेले असतात. चकाकी ही मुळात पृष्ठभागात असते, डबीत नसते.

या पृष्ठभागाची जाडी किती, हे ऐकले तर तुम्ही पॉलिशची बाटली जपून हाताळाल. आजच्या मोटारीवर पत्र्याला धरून बसणारा अस्तराचा थर, त्यावर रंगाचा थर आणि सर्वांत वर काचेसारखा पारदर्शक थर असतो. हे सगळे मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन भरते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातला वरचा पारदर्शक थर बहुधा ४० ते ५० मायक्रॉनांचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक. उन्हाचा मारा अडवणारी द्रव्ये याच थरात असतात. हे तुमचे मुद्दल. पॉलिशचा प्रत्येक हात म्हणजे या मुद्दलातून काढलेली रक्कम. थोडी काढली तर बिघडत नाही, पण दर महिन्याला काढत राहिलात, तर एक दिवस खाते रिकामे होते. मग टपावर आणि बॉनेटवर कोडासारखे पांढरे चट्टे उठतात, पापुद्रे सुटू लागतात, आणि त्यावर जगातल्या कोणत्याही मेणाचा इलाज चालत नाही. पत्रा पुन्हा रंगवावा लागतो.

जुन्या गाड्यांची गोष्ट निराळी होती. १९२३ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर ड्यूपॉन्ट कंपनीचा ‘डुको’ हा नवा रंग लागला. त्याआधी गाडी रंगवून वाळायला आठवडे लागत, तिथे काही तास पुरू लागले. हा रंग वाळल्यावर मंद दिसे आणि घासल्याशिवाय चमकत नसे. आपल्याकडे गॅरेजवाले अजूनही ‘रबिंग-पॉलिश करून देतो’ म्हणतात, त्याची परंपरा इथली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी तुम्हाला आठवत असेल. मुंबईतल्या या जातीच्या टॅक्सींची अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये झाली. तशा जुन्या गाड्यांवर पारदर्शक थर नव्हता, रंगच सर्वांत वर असे. पॉलिश केले की फडक्याला गाडीचाच रंग लागायचा. तो थर जाड होता, मळलेला वरचा भाग काढला की खाली ताजा रंग सापडे. त्या काळी शिकलेला हात आजच्या गाडीवर तसाच चालवला, तर मात्र नुकसान होते.

असो. पॉलिशची ही ओळख झाली. आता मेणाची बरणी उघडू.

महागाच्या मेणांचे भूषण म्हणजे कार्नोबा. ईशान्य ब्राझीलमधल्या पियाउई, सियारा या कोरड्या, तापलेल्या प्रांतांत एक ताड वाढतो. कडक उन्हाळ्यात पानातले पाणी उडून जाऊ नये म्हणून तो आपल्या पानांवर मेणाचा लेप धरतो. लांब काठीला कोयती बांधून ही पाने कापतात, उन्हात वाळवतात, झोडून त्यांची भुकटी काढतात आणि ती वितळवून गाळतात. कोवळ्या पानांचे मेण फिकट पिवळे आणि सर्वांत महाग. आपल्या मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, कार्नोबाला मात्र ८२ ते ८६ अंश लागतात. मे महिन्यात दुपारी काळ्या बॉनेटवर हात ठेवून पाहा, म्हणजे या वीस अंशांचे मोल कळेल. औषधी गोळ्यांना आणि गोळ्या-चॉकलेटांना जी चमक असते, तीही पुष्कळदा याच मेणाची.

पानावरच्या मेणाची करामत पाहायला ब्राझीलला जायला नको. पावसाळ्यात परसातल्या अळवाकडे पाहा. त्या पानावर पाणी ठरत नाही, मोती होऊन घरंगळते. पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांची आणि त्यावरच्या मेणाची ती किमया. मोटारीवर मेण लावले की पाण्याचे असेच थेंब होतात, आणि तेच दाखवून विक्रेता आपल्याला भुलवतो. पण थेंब गोल झाला म्हणजे रंग सुरक्षित झाला असे नव्हे. तेवढ्यावरून मेण अजून जागेवर आहे इतकेच कळते. उलट बोअरच्या क्षारयुक्त पाण्याचे थेंब उन्हात तसेच वाळू दिले, तर प्रत्येक थेंबाच्या जागी पांढरा ठिपका उरतो. म्हणून गाडी धुतल्यावर ती पुसून कोरडी करणे हे मेण लावण्याइतकेच महत्त्वाचे.

आता बरणीवरची अक्षरे वाचू. ‘शंभर टक्के कार्नोबा’ असे तिच्यावर असते. याचा अर्थ काय? शुद्ध कार्नोबा विटेसारखे कडक असते. ते फडक्यावर घेताच येत नाही, मग गाडीवर पसरणार कसे? म्हणून ते तेलात आणि उडून जाणाऱ्या द्रावकांत मऊ करावे लागते, त्यात दुसरी मऊ मेणेही घालतात. तेव्हा त्या ‘शंभर टक्के’चा अर्थ फार तर असा, की बरणीतले जेवढे कार्नोबा आहे तेवढे शुद्ध आहे. बरणीत ते किती आहे, हा प्रश्न वेगळाच. आणि टक्केवारी दिली, तरी ती वजनाची की आकारमानाची, हे पाहावे लागते. आमच्या दूधवाल्याने ‘माझ्या दुधातले दूध शंभर टक्के शुद्ध आहे’ असे सांगितले, तर आपण पाण्याचे प्रमाण विचारल्यावाचून राहू का?

दुकानी डबीचा इतिहासही थोडा पाहू. मोटारीचे मेण हा धंदा मोठा झाला तो अमेरिकेतल्या शिकागोत. तिथे १९१० च्या सुमारास सिमोनिझ हे नाव निघाले, आणि १९४० च्या दशकात सुरू झालेल्या एका लहान धंद्यातून पुढे टर्टल वॅक्स हे नाव पुढे आले. घरोघरच्या माणसाला रविवारी सकाळी आपल्या हाताने लावता यावे, असे ते मेण होते. आजच्या दुकानी डबीत थोडे कार्नोबा, थोडे पेट्रोलियमचे मेण, सिलिकोनची तेले आणि बरेचदा कृत्रिम पॉलिमर असतात. ही पॉलिमरे प्रयोगशाळेत, टिकण्याच्याच हेतूने बनवलेली असतात. म्हणून एक गमतीची गोष्ट घडते. नुसत्या नैसर्गिक मेणाचा थर आपल्या उन्हा-पावसात काही आठवडे टिकतो, तर चांगल्या पॉलिमरचा थर काही महिने. टिकाऊपणाच्या शर्यतीत स्वस्त डबी पुष्कळदा महाग बरणीला मागे टाकते!

मग महाग बरणी हरली का? नाही, तिचेही गुण आहेत. ती हाताखाली लोण्यासारखी पसरते, पुसताना ओढ लागत नाही, काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर सहसा पांढरे डाग सोडत नाही. गडद रंगाच्या, विशेषतः जुन्या ढंगाच्या गाडीवर तिची झाक ओलसर, खोल दिसते असे जाणकार हौशी लोक सांगतात. स्वित्झर्लंडच्या स्विसवॅक्ससारखी नावे त्यांच्या मंडळींत आदराने घेतली जातात. ज्याला रविवारचे दोन तास गाडीच्या संगतीत घालवणे हेच सुख वाटते, त्याने ते सुख विकत घ्यावे, त्यात गैर काही नाही. उत्तम तंबोऱ्यावर पैसे खर्च करणाऱ्याला आपण उधळ्या म्हणत नाही. फक्त त्याने हे ओळखून असावे, की आपण गाडीचे संरक्षण नव्हे, आपला आनंद विकत घेत आहो.

दुकानी डबीचाही एक दोष सांगितला पाहिजे. ‘क्लीनर वॅक्स’ किंवा ‘वॅक्स पॉलिश’ अशा जोडनावाच्या पुष्कळ डब्यांत मेणाबरोबर घासणारी भुकटीही असते. एका हातात दोन्ही कामे होतात, म्हणून गिऱ्हाईक खूश असते. पण दर महिन्याला ती लावणारा माणूस एका हाताने पैसे ठेवतो आणि दुसऱ्या हाताने काढतो, मुद्दलातून. तेव्हा डबी स्वस्त घ्या, हरकत नाही, पण तिच्यावर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते दुकानातच वाचून घ्या. आणि शंका आली तर चिमूटभर मेण दोन बोटांत चोळून पाहा. दंतमंजनासारखी खरखर लागली, तर ते वर्षातून एकदा लावायचे पॉलिश आहे, महिन्याचे मेण नव्हे.

तुम्ही म्हणाल, फरक इतका थोडा आहे, तर किमतीत दहा-वीस पटींची तफावत कशी? माझा विषय अर्थशास्त्र, म्हणून हा प्रश्न मला विशेष जवळचा आहे. लहान प्रमाणावरचे उत्पादन, बरणी, टपाल आणि आयातीवरचा कर ही त्याची काही कारणे झाली. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही. थोर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ सालीच दाखवून दिले होते, की काही वस्तू लोक त्या महाग असल्यामुळेच घेतात, कारण त्या घेता येणे हेच मिरवण्यासारखे असते. किंमत कमी केली तर त्यांची मागणी वाढायच्या ऐवजी उतरायची. शिवाय मेणाचा गुण घेण्यापूर्वी कळत नाही, आणि घेतल्यावरही तो पारखायला महिने लागतात. अशा वेळी माणूस किमतीलाच गुणाची खूण समजतो. आणि या चढ्या किमतीतला किती पैसा ती पाने तोडणाऱ्या मजुरापर्यंत पोहोचतो, ते बरणी सांगत नाही. ब्राझीलच्या सरकारी कामगार निरीक्षकांना कार्नोबाच्या मळ्यांत गुलामासारखे राबवलेले मजूर सोडवावे लागले आहेत. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचताना हेही आठवावे.

चकाकीच्या अर्थशास्त्राचा आणखी एक धडा आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली एक निबंध लिहिला, तो जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन. विकणाऱ्याला गाडीचे खरे दुखणे ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. त्यामुळे चांगल्या गाडीलाही योग्य भाव मिळत नाही आणि चांगला माल बाजारातून हटू लागतो, असे त्यांचे म्हणणे. त्यांना २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. आपल्यापुरता याचा बोध सरळ आहे. जुनी गाडी घ्यायला गेलात आणि ती आरशासारखी चमकत असली, तर खूश होण्याआधी जरा थांबा. विकण्यापूर्वी यंत्राने जबर रबिंग करून वर तेलकट मेण फासलेले असू शकते. गाडी धुऊन, भर उन्हात पाहा. टपाच्या आणि बॉनेटच्या कडांकडे पाहा, कारण घासणारे यंत्र तिथेच रंग आधी खाते. दारांच्या खालच्या कडा आतून चाचपून पाहा.

दारांच्या खालच्या कडांचा विषय निघाला, म्हणून एक गैरसमज दूर करतो. मेणाने गंज थांबतो अशी पुष्कळांची समजूत आहे. आपण मेण लावतो ते वरच्या, दिसणाऱ्या रंगावर. त्याचा थर एक मायक्रॉनही भरत नाही. गंज मात्र सुरू होतो खालून आणि आतून: मडगार्डच्या आतल्या बाजूला, दाराच्या तळाशी, जिथे पाणी निघून जायची भोके चिखलाने बुजलेली असतात तिथे. खारा वारा आणि चिखल एकत्र आले की पत्र्याचा टिकाव लागत नाही. नागावच्या किंवा काशीदच्या किनाऱ्यावर गाडी वाळूत उतरवणाऱ्या हौशी मंडळींनी घरी आल्यावर आधी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. पाच हजारांची बरणी जे करू शकत नाही, ते पाण्याच्या नळीने दहा मिनिटांत होते.

आणि चकाकीचे खरे शत्रू कोण? धुळीने माखलेली गाडी सकाळी कोरड्या फडक्याने झटकणे, हा पहिला. महामार्गाची धूळ म्हणजे दगडाचे पीठ. ते फडक्याखाली धरून फिरवणे म्हणजे गाडीला पॉलिश पेपर मारणे. कपडे धुण्याची पावडर हा दुसरा, ती मळाबरोबर मेणही धुऊन नेते. डिझेलचा किंवा रॉकेलचा हात मारणे हा तिसरा. दोन तास झळाळी दिसते, मग तेलकट अंगावर दुप्पट धूळ बसते आणि रबर खराब होते ते वेगळेच. चौथा शत्रू म्हणजे पक्ष्यांची विष्ठा आणि आंब्याचा चीक. आंब्याखाली सावली दाट, म्हणून आपण गाडी तिथे लावतो, आणि चीक उन्हात रंगात उतरतो. दसऱ्याला बॉनेटवर हळदीकुंकवाचे स्वस्तिक काढतो, तेही वेळीच पुसले नाही तर डाग धरते. पूजा अवश्य करावी, संध्याकाळी ओल्या फडक्याने हळुवार टिपून घ्यावे. अशा प्रसंगी रंगावर मेण असले तर डाग आत जायला वेळ लागतो. मेणाचे खरे काम हेच: ते स्वतः झिजते आणि तेवढा अवधी आपल्याला मिळवून देते.

इतके सांगूनही कुणी म्हणेल, सर, ते सगळे खरे, पण अमक्या मेणाची गोष्टच और आहे. ठीक आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, विक्रेत्यावर ठेवू नका, प्रयोग करा. मे महिन्याच्या अखेरीस गाडी स्वच्छ धुऊन वाळवा. बॉनेटवर कागदी चिकटपट्टीने तीन उभे भाग पाडा. एकावर महाग मेण, दुसऱ्यावर दुकानी मेण लावा, आणि तिसरा तसाच कोरा सोडा. हा कोरा भाग फार महत्त्वाचा, त्याच्यावाचून तुलनेला अर्थ नाही. कोठे काय लावले ते एका चिठ्ठीवर लिहून ठेवून द्या. चिकटपट्टी काढा आणि शेजाऱ्याला, ज्याला यातले काही ठाऊक नाही त्याला, बोलावून विचारा: कोणता भाग जास्त चमकतो? पुढे पावसाळाभर दर रविवारी गाडी धुताना पाहा, कोणत्या भागावर पाण्याचे थेंब होतात आणि कोणत्या भागावर पाणी नुसते पसरते. तारखा लिहून ठेवा. गौरी-गणपतीपर्यंत तुमच्या हाती तुमच्या गावच्या पावसात मिळालेले उत्तर येईल. परदेशातल्या थंड हवेत मिळवलेल्या प्रशस्तिपत्रकापेक्षा ते आपल्या अधिक उपयोगाचे.

शेवटी हिशेब मांडू. समजा, गाडीच्या निगेसाठी वर्षाला दोन हजार रुपये काढून ठेवले आहेत. त्यातून मोटारीसाठी केलेला शांपू घ्या, चार-पाच चांगली मऊ मायक्रोफायबरची फडकी घ्या, आणि दोन बादल्या ठेवा: एकीत साबणाचे पाणी, दुसरीत फडके खळबळून धूळ सोडण्यासाठी साधे पाणी. गाडी सावलीत, वरून खाली धुवा. उरलेल्या पैशात ओळखीच्या दुकानातून भुकटी नसलेली मेणाची डबी घ्या आणि ती पावसाळ्याआधी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा, आणि उन्हाळा सुरू होताना एकदा, पातळ हाताने लावा. जाड थर दिल्याने काही अधिक मिळत नाही, जादा मेण फडक्यावरच जाते. पॉलिशला हात लावायचा तो डोळ्यांना ओरखडे खरोखरच टोचू लागतील तेव्हा, आणि जाणत्या कारागिराकडूनच.

यानंतरही खिशात पैसे आणि मनात हौस शिल्लक असेल, तर खुशाल ती काचेची बरणी मागवा, झाकण उघडून तो नारळाचा वास घ्या. पण ज्याची गाडी हप्त्यावर आहे आणि हप्ता गाडीवर आहे, त्याला कुणी ‘चांगले मेण परवडत नाही म्हणून तुझी गाडी फिकी पडली’ असे म्हणेल, तर त्याने ते मनावर घेऊ नये. त्याची गाडी फिकी पडली असलीच, तर ती कोरड्या फडक्याने. आणि तो दोष सुधारायला एक बादली पाणी जास्त लागते, इतकेच.